सगळ्यांत फिका निळा

“सर, इथे एक आहे,” ग्लोरिया म्हणाली.

हातमोजा घातलेल्या बोटाने तिने प्लेटच्या कडेजवळची जागा दाखवली. मी वाकून पाहिले. लाइट बॉक्सच्या उजेडात ती प्लेट बाष्प धरलेल्या काचेसारखी दिसत होती. तिच्या बोटाखाली मला फक्त बाष्पच दिसले.

“काही नाही तिथे.”

“आहे, सर. फिका आहे, पण आहे.”

“ग्लोरिया, आपल्याला दिसावासा वाटणारा निळा आणि खरोखर असलेला निळा, यांत फरक असतो.”

मी आवाज कधी चढवत नाही. त्या दुपारीही चढवला नाही. कदाचित म्हणूनच ते वाक्य तिला अधिक लागले असावे. तिने पेनला टोपण लावले आणि तो ठिपका न मोजताच पुढची प्लेट पुढे ओढली.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी काम करतो. औषध कंपन्या त्यांची औषधे आमच्याकडे तपासायला देतात. त्या वर्षी आमच्याकडे कीमोथेरपीची दोन औषधे आली होती. एक जुने, अनेक वर्षे वापरात असलेले. दुसरे त्याच कुळातले, पण नवे. दोन्ही सारखीच गुणकारी होती. प्रश्न एवढाच होता, की दोहोंपैकी कोणते औषध शरीरात मागे कमी खुणा ठेवते?

या खुणा म्हणजे काय, ते सांगतो. कीमोथेरपीची अनेक औषधे कर्करोगाच्या पेशींच्या डीएनएवर थेट घाव घालतात. निरोगी पेशीही त्यातून पूर्ण सुटत नाहीत. घाव बहुधा भरून निघतो. कधी मात्र दुरुस्ती करताना शरीराच्या हातून चूक होते आणि डीएनएचे एखादे अक्षर बदलून बसते. या बदलाला म्युटेशन म्हणतात. बरा झालेला रुग्ण असे काही बदल सोबत घेऊनच घरी जातो. क्वचित कोणाला त्यांच्यामुळे पुष्कळ वर्षांनी दुसराच कर्करोग होतो. रुग्ण लहान मूल असेल, तर त्या ‘पुष्कळ वर्षां’ना फार अर्थ असतो.

हे बदल मोजण्यासाठी आमच्याकडे ट्रान्सजेनिक उंदीर असतात. म्हणजे ज्यांच्या प्रत्येक पेशीत बाहेरचे एक जनुक मुद्दाम बसवलेले आहे, असे उंदीर. आमच्या उंदरांतले जनुक एका जिवाणूचे आहे. उंदराला त्याचा काही उपयोग नाही. ते तिथे गप्प असते, आणि शरीरावर जे गुदरते त्याची खूण आपल्यावर उमटवून घेते. उंदराला औषध द्यायचे आणि काही आठवडे थांबायचे. मग वेदना होऊ न देता त्याला मारायचे. अहवालात याला अधिक मवाळ शब्द आहे. मी ‘मारायचे’ हाच शब्द वापरतो. नंतर त्याच्या यकृतातून, अस्थिमज्जेतून डीएनए काढायचा, ते जनुक एका विषाणूत भरायचे आणि तो विषाणू प्लेटमधल्या जिवाणूंच्या दाट थरावर सोडायचा. विषाणू जिथे जिवाणूंना खातो तिथे एक ठिपका उमटतो. जनुक शाबूत असेल तर ठिपका रंगहीन. ते बिघडले असेल, तर प्लेटमधल्या रसायनामुळे ठिपका निळा. फार बिघडले असेल तर गडद निळा, थोडे बिघडले असेल तर फिका. हजारो रंगहीन ठिपक्यांत एखादाच निळा.

तो शोधणे हे आमचे काम. मोजणीच्या खोलीला खिडकी नाही. एसीचा आवाज एकसुरी येत असतो. प्लेटखालचा उजेड मऊ असतो. काही वेळाने हात, टेबल, बाहेरचे वाळवंट, सगळे दूर जाते. प्लेट प्लेट राहत नाही. ती उथळ, स्थिर पाणी होते, आणि आपण त्यावर ओणवे होऊन तरंगत असतो. मग खालून कुठून तरी निळा ठिपका वर येतो. या तरंगण्याची मला अनेक वर्षे आवड आहे. तिथे मी चांगला माणूस असतो, असे मला वाटत आले.

या कामाचे नियम कडक आहेत. कोणती प्लेट कोणत्या उंदराची, हे मोजणाऱ्याला कळू देत नाहीत. प्लेटवर फक्त सांकेतिक क्रमांक असतो. प्रत्येक प्लेट दोघे जण वेगवेगळी मोजतात. आकडे जुळले नाहीत, तर दोघांनी ती प्लेट एकत्र पाहून एक आकडा ठरवायचा. याला आम्ही ‘सहमती’ म्हणतो. आणखी एक नियम आहे. रोज मोजणीआधी एक कंट्रोल प्लेट पाहायची. तिच्यावर आधीच माहीत असलेले निळे ठिपके असतात, गडदपासून अगदी फिक्यापर्यंत. ज्याला त्यांतला सगळ्यांत फिका निळा दिसत नाही, त्याने त्या दिवशी मोजणीला बसायचे नाही.

ग्लोरिया लोपीस मूळची वसईची. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. मोजणी तिला मी शिकवली होती. तिचा प्रोबेशनचा काळ संपत आला होता आणि तिला कायम करायचे की नाही, याची शिफारस माझ्याकडे होती. तिच्या नवऱ्याची हॉटेलातली नोकरी गेलेली होती. नवरा आणि शाळकरी मुलगा, दोघेही तिच्याच व्हिसावर राहत होते. तिचीही नोकरी गेली असती तर तिघांनाही सामान बांधावे लागले असते. हे तिने मला कधी ऐकवले नाही. मला ते माहीत होते.

तिचे आकडे माझ्यापेक्षा जास्त येत. सगळ्या प्लेटवर नव्हे, काही ठराविक प्लेटवर. मग आम्ही सहमतीला बसत असू. ती दाखवी, मी पाही, मी नाही म्हणे, आणि मान्य झालेला आकडा माझाच असे. सुरुवातीला ती एखाद्या ठिपक्यासाठी अडून बसे. पुढे पुढे अडेनाशी झाली. मला वाटले, पोरगी शिकते आहे.

आमचे संचालक डॉ. हानी जॉर्डनचे आहेत. ते इंग्रजीत बोलतात. मी इथे मराठीत लिहितो आहे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावले, खजुराची थाळी पुढे सरकवली आणि विचारले, “हबीबी, ड्राफ्ट काय म्हणतो?”

“पहिल्या तुकडीचे संकेत उघडले. नवे औषध सौम्य दिसते आहे. बदल बरेच कमी आहेत.”

“कंपनी तर नाचेल! मग तुझा चेहरा असा का?”

“दोन मोजणाऱ्यांत फरक फार येतो आहे. ग्लोरिया जास्त मोजते.”

“जास्त मोजते म्हणजे? नसलेले मोजते?”

“नव्या माणसाचे असे होते. निळा शोधायचा म्हटला की निळाच दिसू लागतो.”

“आणि तिचे कन्फर्मेशन?”

मी खजूर उचलला आणि परत थाळीत ठेवला. मग म्हणालो, “मला तिच्यावर अन्याय करायचा नाही. एक करू. कंट्रोल प्लेट नुसते क्रमांक घालून रोजच्या प्लेटमध्ये मिसळून द्या. म्हणजे किती ठिपके आहेत ते आपल्याला ठाऊक असेल, तिला नसेल. तिने नसलेले मोजले तर कळेल.”

“मग तूही मोज. नाहीतर ती म्हणेल, फक्त माझीच परीक्षा घेतली.”

“अर्थातच,” मी म्हणालो. आपण किती न्यायी आहोत, असे वाटून मला आतून बरे वाटले होते. ते बरे वाटणे मला आजही स्पष्ट आठवते.

“यल्ला, चला मग,” डॉ. हानी म्हणाले. “प्लेट मी दुसऱ्याकडून करून घेतो. तुम्ही दोघे वेगवेगळ्या वेळी बसा. जे दिसेल ते लिहा. सहमती नको.”

त्या शनिवारी आम्ही उम्म अल कुवैनला गेलो. आम्ही शारजाला राहतो, आणि माझी पत्नी सुलभा हिला तिथली खाडी आवडते. पाणी उथळ, कडेला खारफुटी, माणसे थोडी. मी वाळूत खुर्ची टाकून पाण्याकडे पाहत बसलो. पाणी मला विटलेल्या, जुन्या कापडासारखे दिसले. क्षितिज कुठे संपते ते कळत नव्हते. आकाश आणि समुद्र एकाच सायीचे वाटत होते, आणि त्या सायीत बसून राहावे, असे फार सुखाचे वाटत होते.

“हल्ली धुरळा फार असतो हवेत,” मी म्हणालो. “समुद्र पूर्वीसारखा निळा राहिला नाही.”

“कुठे आहे धुरळा?” सुलभा म्हणाली. “आज तर किती लख्ख आहे.”

माझी मुलगी ईशा बारावीत आहे. मोबाइलमधून मान वर न काढता ती म्हणाली, “बाबा, इट्स सो ब्लू इट लुक्स फेक.”

“रोल्ला बाजारातल्या दुकानात काय झालं, सांगू का हिला?” सुलभा हसायला लागली. “हे मीटिंगसाठी पांढरा शर्ट घ्यायला गेले आणि फिका निळा घेऊन आले. वर मलाच सांगतात, पांढराच आहे म्हणून!”

“दुकानातल्या ट्यूबलाइटमुळे तसं होतं.”

“आणि घरात? अहो, घरातही तुम्ही तो पांढरा म्हणूनच घालता.”

“डॅड्स इन हिज ओन फिल्टर,” ईशा म्हणाली.

आम्ही तिघेही हसलो. मी पुन्हा त्या सायीकडे पाहू लागलो. आता विचार केला की वाटते, दोघी मला उत्तर सांगून मोकळ्या झाल्या होत्या. परंतु ज्याचे कामच निळा पाहणे आहे, त्याला घरातल्या माणसांनी निळा कसा शिकवावा?

पुढच्या आठवड्यात परीक्षा झाली. कोणत्या प्लेट कंट्रोलच्या, ते मलाही सांगितलेले नव्हते. मी नेहमीसारखा तरंगत मोजत गेलो. मन शांत होते. प्लेट नितळ होत्या. एवढे कमी निळे सापडले की मला वाटले, बिनबदलांच्या उंदरांच्या प्लेट मुद्दाम मिसळल्या असाव्यात. ग्लोरियाला फसवण्यासाठी. मला तिची थोडी कीवही आली.

डॉ. हानींनी मला एकट्यालाच बोलावले. या वेळी खजूर नव्हता. त्यांनी दार लावून घेतले.

“दिलीप, बस.”

मी बसलो.

“ग्लोरियाने नसलेला एकही ठिपका मोजलेला नाही. असलेला एकही सोडलेला नाही.”

“छान,” मी म्हणालो. “म्हणजे सुधारणा आहे.”

त्यांनी दुसरा कागद पुढे ओढला. “आता तुझे. गडद ठिपके सगळे बरोबर. मधले बहुतेक बरोबर. सगळ्यांत फिके जे होते, त्यांतला एकही नाही.”

“प्लेटच बिघडल्या असतील.”

“ग्लोरियाला दिसले.”

“पण मी रोज सकाळी कंट्रोल प्लेट पाहतो! रोज मला फिके दिसतात.”

“रोजची कंट्रोल प्लेट कोण तयार करतो?”

मी तयार करतो. गडद ठिपके कोणत्या बाजूला आणि फिके कोणत्या बाजूला, ते मीच ठरवतो. प्लेटवर ‘कंट्रोल’ असे मीच लिहितो. मग दुसऱ्या दिवशी मीच ती उजेडावर ठेवतो, माझी नजर बरोबर त्या जागी जाते आणि तिथे फिका निळा असतो. तो प्लेटवर असतोच. पण मी तो प्लेटवर पाहत नव्हतो.

डॉ. हानी उठले आणि स्वतः एक कंट्रोल प्लेट घेऊन आले. तिच्यावर काही लिहिलेले नव्हते. ती त्यांनी लाइट बॉक्सवर ठेवून गोल फिरवली आणि म्हणाले, “दाखव.”

मी बराच वेळ पाहिले. उजेड मऊ होता. पाणी स्थिर होते. खालून काहीच वर आले नाही.

“खलास, पुरे आता,” ते हळूच म्हणाले. “आधी डोळे दाखवून ये.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, भिंगातून निरखून पाहिले आणि सांगितले, की मोतीबिंदू आहे. वाचायला, गाडी चालवायला अडचण येण्याइतका वाढलेला नाही. पण डोळ्यातले भिंग वयाने पिवळट होत गेले आहे, आणि पिवळे भिंग निळा उजेड अडवते. हे इतक्या सावकाश होते की माणसाला कळत नाही. मेंदू जुन्या आठवणीतून रंग भरून घेतो.

“तुम्ही काय काम करता?” त्यांनी विचारले.

“फिके निळे ठिपके मोजतो.”

त्यांना मी चेष्टा करतो आहे असे वाटले असावे.

ग्लोरियाला सांगणे राहिले होते. थेंबांचा परिणाम ओसरला नव्हता. खोलीतल्या प्रत्येक दिव्याभोवती मोठे, मंद वलय होते. ती मोजणीच्या खोलीत हातमोजे काढत होती. मी तिला सगळे सांगितले. डॉ. हानींना तिच्याविषयी काय म्हणालो होतो, तेही सांगितले. ती परीक्षा कोणासाठी रचली होती, तेही.

ती स्टुलावर बसली. मग एकदम हसू लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले.

“सर, काय सांगू तुम्हाला! मला वाटायला लागलं होतं, माझेच डोळे खोटं बोलतायत. घरी नवऱ्याला विचारायचे, हा टॉवेल कोणत्या रंगाचा आहे, सांग बघू. तो म्हणायचा, बाई, तुला सुट्टीची गरज आहे.”

“मला माफ कर, ग्लोरिया.”

“डोळ्यांचं काय, सर, कोणालाही होतं.”

“डोळ्यांबद्दल नाही म्हणत मी.”

ती हसायची थांबली. थोड्या वेळाने तिने प्लेटच्या रॅककडे पाहत म्हटले, “मग मलाही एक सांगायचंय. सहमतीला बसायची वेळ येऊ नये म्हणून गेल्या महिन्यात मी फिके सोडून द्यायला लागले होते. सगळे नाही. पण जिथे तुम्ही नाही म्हणाल असं वाटायचं, तिथे. परीक्षेच्या दिवशी हानी सर म्हणाले, जे दिसेल ते लिही, सहमती नको. म्हणून सगळे लिहिले.”

माझ्या भिंगाने अडवलेला निळा तिथेच थांबला नव्हता. तो तिच्या निरोगी डोळ्यांतूनही नाहीसा झाला होता, आणि त्यासाठी मला आवाजही चढवावा लागला नव्हता. मोतीबिंदू वयाचा. हे मात्र माझे स्वतःचे.

प्लेट कोल्ड रूममध्ये जपून ठेवलेल्या होत्या. ग्लोरिया आणि दुसऱ्या विभागातला एक सहकारी, दोघांनी त्या सगळ्या नवे सांकेतिक क्रमांक घालून पुन्हा मोजल्या. वेगवेगळ्या बसून. जुळले नाही तर एकत्र न पाहता तिसऱ्याला द्यायचे ठरले. मग संकेत उघडले. नव्या औषधामुळे होणारे बदल बहुतेक लहान स्वरूपाचे होते. जनुक थोडेच बिघडे आणि ठिपका फिका उमटे. म्हणूनच ते मला सौम्य वाटले होते. खरी मोजणी झाल्यावर जुन्या आणि नव्या औषधात म्हणण्यासारखा फरक उरला नाही.

कंपनी नाचली नाही. त्यांच्या माणसाने फोनवर विचारले, “पण तुमच्या ड्राफ्टमध्ये तर वेगळेच होते?”

“ड्राफ्ट मी लिहिला होता आणि तो चुकीचा होता,” मी सांगितले. “मला फिके ठिपके दिसत नव्हते.”

“दिसत नव्हते म्हणजे?”

“म्हणजे दिसत नव्हते.”

मग त्यांनी सुधारलेला अहवाल मागवला. उंदरांनी त्यांचे काम केव्हाच चोख केले होते. जे अंगावर आले ते त्यांनी जसेच्या तसे ठेवून दिले होते. प्रत्येक फिका ठिपका जागच्या जागी होता. वाचणाराच कमी पडला होता. काही दिवस मोजणीच्या खोलीवरून जाताना मी मान खाली घालून जात असे. कोणासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही.

ग्लोरियाच्या कन्फर्मेशनची शिफारस मी लिहिली. डॉ. हानींनी ती वाचून विचारले, “एवढी लांब?”

“एकच ओळ पुरली असती,” मी कबूल केले.

“कोणती?”

“तिला दिसते.”

त्यांनी सही केली. ग्लोरिया कायम झाली. नवऱ्याला पुढे शारजात एका केटररकडे काम मिळाले. नाताळात तिने केक आणला आणि माझ्यासमोर ठेवून गंभीरपणे विचारले, “सर, आयसिंगचा रंग कोणता?” मी पांढरा म्हणालो. सगळी लॅब हसली. तो फिका निळा होता.

आता उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. पट्टी निघाल्यावर परवा आम्ही पुन्हा उम्म अल कुवैनला गेलो. मी त्याच जागी खुर्ची टाकली. डावा डोळा मिटला. समोर इतका निळा समुद्र होता की तो माझ्यासाठी नसावा असे मला वाटले. पाण्यात निळा, आकाशात निराळा निळा, खारफुटीच्या सावलीतही निळा. मग उजवा डोळा मिटला. जुना समुद्र परत आला. मऊ, सायीचा, कोणालाही दोष न देणारा. मी पुष्कळ वेळ दोन्ही समुद्र आळीपाळीने पाहत बसलो.

“बाबा, व्हॉट आर यू डूइंग?” ईशाने विचारले.

“मोजतोय,” मी म्हणालो.

आमच्या लॅबमध्ये आता एक नियम वाढला आहे. कंट्रोल प्लेट ज्याने तयार केली, त्याने ती तपासायची नाही. आणि तिच्यावर ‘कंट्रोल’ असे लिहायचे नाही. नियम साधा आहे. जे असणार हे ठाऊक असते, ते दिसतेच. डाव्या डोळ्याची तारीख मिळाली आहे. मोजणी ग्लोरिया करते.